विषाणू समदर्शी, साथ नव्हे

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी ठेल्यांपाशी करोनाच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: "त्यानं राजा पाहिला नाही की रंक." घराघरांत माणसं गेली, त्यामुळे ते पटतंही. तरी ते खोटं आहे.

विषाणू माणसं निवडत नाही, हे कबूल. पण त्याच्या वाटा आपण आधीच आखून ठेवतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, त्याच वॉर्डांतल्या इतर वस्त्यांत १६ टक्के. एका खोलीत आठ माणसं आणि संडासाला रांग असेल, तर अंतर राखायचं कुठे?

"पण झोपडपट्टीत मेले कमी, गरीब काटक असतो," असं यावर सांगतात. तिथली वस्ती वयानं तरुण असते, हे विसरून! आणि १९१८च्या इन्फ्लुएंझात याच मुंबईत युरोपियनांमध्ये हजारी आठच्या आसपास मृत्यू झाले, 'खालच्या' मानलेल्या जातींत साठांहून अधिक. तेव्हा हा काटकपणा कुठे होता?

शिवाय साथीचे सगळे बळी विषाणूच्या खात्यावर चढत नाहीत. जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते आमच्याच मध्य प्रदेशातले होते. काम बंद, गाड्या बंद, म्हणून पायी निघाले होते. करोनाच्या मृतांत त्यांची गणती नाही. माझ्या लेखी ते साथीचेच बळी आहेत.

म्हणून माझा आग्रह असा: हातावर पोट असलेल्याला घरी बसा म्हणायचं, तर त्याची बुडालेली मजुरी उपचाराच्या खर्चातच धरली पाहिजे. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली, ती १० हजारांपर्यंतच्या कर्जाची. बंद सगळ्यांच्या भल्यासाठी होता. हप्ते ठेलेवाल्यानं फेडायचे होते. पुढे मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, तीही सुरुवातीला फक्त ऑनलाइन नोंदणीवर. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यानं काय करायचं होतं?

फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाची तरतूद २०१४च्या कायद्यात आहेच. त्या यादीवरून बंदच्या पहिल्याच आठवड्यात खात्यात पैसे टाकता येतात आणि लसीची गाडी थेट या चौकात उभी करता येते. पुढची साथ येण्याआधी ही यादी पुरी करून ठेवा.