नोटरीवरची गाडी म्हणजे फेरफार नसलेलं वावर

कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की दरसाली गावात चार-दोन जुन्या अल्टो, वॅगन आर येतात. येऊ द्या. म्हातारीला दवाखान्यात न्यायला, पाऊसपाण्यात पोरीला परीक्षेला सोडायला मोटरसायकल कामाची नाही. "शेतकऱ्याला कशाला कार" म्हणून नाक मुरडणारे आहेत, त्यांचा समाचार पुन्हा कधी. आज माझं भांडण तुमच्याशी आहे. गाडी घेता, स्टॅम्पपेपरवर नोटरी करता अन् गप बसता, त्यांच्याशी.

मला सांगा, बांधालगतचं एक एकर घेताना काय करता? सातबारा काढता, इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का बघता, खरेदीखत झालं की फेरफार होईस्तोवर तलाठ्याची पाठ सोडत नाही. अन् दीड-दोन लाखाची गाडी घेताना? टायरला लाथ मारायची, एसी लावून बघायचा, नारळ फोडायचा. झालं!

आरसी म्हणजे गाडीचा सातबाराच हो. त्यावर फायनान्सचं नाव असलं तर तो बोजा. तो उतरवायला फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन कपाटात ठेवल्या की गाडी आपली झाली, असं समजणारे शिकलेले लोक मी बघितलेत. त्यात कृषी खात्यातले साहेबही आहेत, राग मानू नका. ते कागद आरटीओत दाखल व्हावे लागतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत.

सगळ्यांना वाटतं धोका घेणाऱ्याला. खरा फास बसतो तो विकणाऱ्याला. तुम्ही पैसे मोजून घेतले, विसरून गेलात. पुढच्यानं विमा भरला नाही अन् रस्त्यावर कुणाला उडवलं. भरपाईचा दावा येणार तुमच्या दारात, कारण आरसीवर नाव तुमचं. फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. गाडी किती हातांतून फिरली हे अपघातग्रस्तानं शोधत बसायचं नाही, दप्तरी ज्याचं नाव तोच मालक. असली भरपाई लाखांत जाते. अन् आपल्याकडं विकायला काय असतं? वावर.

घेणाराही सुटत नाही. विमा स्वतःच्या नावावर करायला 14 दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही आणि गाडी झाडावर आदळली, तर दुरुस्तीचा क्लेम मागायचा कुणाच्या नावानं?

"एजंट लई पैसे मागतो" हे कारण मला सांगू नका. एक फवारणी जास्त पडली समजा.

इसार द्यायच्या आधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विम्याची तारीख बघा, चेसिस नंबर आरसीशी ताडून घ्या, पंधरा वर्षांची नोंदणी संपायला किती राहिलं ते मोजा. थोडी रक्कम नाव चढल्यावरच द्यायची, असं बोलून घ्या. विकणारा कुरकुरला तर त्याला ही पोस्ट दाखवा, त्याच्याच भल्याची आहे.

आमच्या गावात आज तीन गाड्या नोटरीवर फिरताहेत. तिघांनाही तोंडावर बोललोय. एक जण अजून रामराम घेत नाही.