व्यापारनीती : पेटीवरचा शेड क्रमांक
असोद्याचा शेतकरी बहुधा आयुष्यात एकदाच घर बांधतो. दोन पेट्या कमी पडून मागाहून आणलेल्या टाइल्स निराळ्या छटेच्या निघाल्या, तर तो पट्टा वर्षानुवर्षे डोळ्यांत सलतो. माती, झिलई वा भट्टीच्या तापमानात किंचित फरक पडला तरी रंग बदलतो. म्हणूनच मोरबीहून येणाऱ्या पेट्यांवर शेड व बॅच क्रमांक असतात.

व्यापारीबंधूंनो, प्रत्येक पेटीचा क्रमांक जुळवून बिलावर लिहावा. सुमारे १० टक्के जादा माल आरंभीच घ्यावयास सांगावे. बसविण्यापूर्वी निरनिराळ्या पेट्यांतील टाइल्स मिसळून उजेडात मांडून पाहण्यास सुचवावे. वेगळ्या छटेच्या उरलेल्या पेट्या ग्राहकास तसे सांगून दुसऱ्या खोलीसाठी सवलतीत द्याव्यात; गुपचूप मिसळू नयेत. फरशीबरोबर आपल्या पेढीचे नावही त्या घरात राहते.