तिसऱ्या पायरीवरची महागाई

एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्याला गतिशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. गाडी एका वेगाने धावते तेव्हा आपण निवांत असतो. वेग वाढू लागला की पाय त्याच्याशी जुळवून घेतात. तोल जातो तो त्वरणच एकाएकी बदलते तेव्हा. स्थान बदलण्याचा दर म्हणजे वेग, वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण आणि त्वरण बदलण्याचा दर म्हणजे हिसका. म्हणूनच रेल्वेचा सरळ रूळ एकदम वळणात शिरत नाही. मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात.

ही शिडी राज्यकर्त्यांनाही सापडली आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी महागाई वाढण्याचा दर घटत असल्याचे सांगितले. निवडणुकीसाठी तिसऱ्या पायरीचे विकलन वापरणारे ते पहिलेच अध्यक्ष, असा शेरा गणितज्ञ ह्यूगो रॉसी यांनी पुढे १९९६ मध्ये मारला. किंमत हे स्थान मानले, तर महागाई हा वेग, तिची वाढ हे त्वरण. त्या वाढीत घट झाली, तरी महागाई वाढतच असते आणि किमती तर वाढतातच.

मी बँकेत असताना ‘महागाईचा दर उतरला’ ही बातमी वाचून पेन्शनर विचारीत, “साहेब, मग डाळ का उतरली नाही?” मी म्हणे, “दर उतरला, भाव नव्हे.” उत्तर बिनचूक होते, पिशवी मात्र रिकामीच राही. आज पेन्शनरांच्या त्याच रांगेत मी उभा आहे. म्हणून एवढेच मागणे : आकडा सांगणाऱ्याने आपण कोणत्या पायरीवरून बोलतो, तेही सांगावे. सामान्य माणूस पहिल्याच पायरीवर उभा असतो.