जुना कर्नल पुसण्याची घाई नको

फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, लिहिला. यंत्र आणि आज्ञावल्या यांच्यातील हा मध्यस्थ. स्मृती कोणाला किती द्यायची, चकतीवर कुठे लिहायचे, छपाईयंत्राशी कसे बोलायचे, हे सारे कर्नल पाहतो.

नवा कर्नल आला की तो सहसा जुन्याला हटवत नाही. त्याच्या शेजारी बसतो. संगणक सुरू होताना ग्रब या आज्ञावलीच्या यादीतून हवा तो निवडता येतो. मग जागा वाचावी म्हणून जुना लगेच पुसावा काय? माझे मत आहे, मुळीच पुसू नये.

समजा, नवा कर्नल बसवल्यावर संगणकाचा आवाज बंद झाला. दोष कर्नलचा की स्पीकरच्या वायरचा? जुना कर्नल निवडून पाहा. बाकी सारे तेच; बदलला तो फक्त कर्नल. आवाज परत आला तर संशय नव्या कर्नलवर. नाही आला तर दोष अन्यत्र शोधा. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तोच हा नियम. जुना पुसलात तर तुलनाच संपली. आणि नवा सुरूच झाला नाही, तर वर्गापुढे नुसता काळा पडदा!

कर्नल घडवणारेही असेच करतात. चालणारी आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यात १००० बदल असतील, तर मधला बदल तपासून दर वेळी निम्मे बाद करतात. २ चा दहावा घात १०२४. म्हणून सुमारे १० चाचण्यांत दोषी बदल सापडतो. पण त्यासाठी चालणारी आवृत्ती हाती हवी.

कोणी म्हणेल, जुन्यात सुरक्षेच्या त्रुटी असतात. खरे आहे. म्हणूनच तो रोज वापरायचा नाही, अडचणीत परतण्यासाठी राखायचा. ढीगही नको, बूटची जागा भरली तर पुढचा कर्नल बसणारच नाही. फेडोरा ही लिनक्स प्रणाली मुळात ३ कर्नल ठेवते, तेवढे पुरेत. मात्र तुमच्या फाइलींची प्रत वेगळ्या चकतीवर हवीच. ते काम जुना कर्नल करीत नाही.

शिक्षकांनी पुढच्या वेळी मुलांकडून दोन्ही कर्नलवर संगणक सुरू करवून निरीक्षणे वहीत लिहून घ्यावीत. नव्याचे नऊ दिवस नीट पार पडू द्या. मगच जुन्याला निरोप द्या.