परक्या ताटाचे वावडे

फातिमाची यात्रा करून आलेल्या आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांच्या अनुभवकथनाचा कार्यक्रम नुकताच झाला. तेथील प्रार्थनेविषयी, मेणबत्त्यांच्या मिरवणुकीविषयी सारे भरभरून बोलले. शेवटी एका गृहस्थांनी अभिमानाने सांगितले, "आणि फादर, जेवणाची मुळीच आबाळ झाली नाही. लिस्बनमध्येसुद्धा दोन्ही वेळा डाळभात मिळाला!" सभागृहात टाळ्या पडल्या. वाचकहो, आम्हाला आज त्या टाळ्यांविषयीच लिहायचे आहे.

गैरसमज नको. ज्यांना पथ्य आहे, ज्यांचे वय झाले आहे, ज्यांचे शाकाहाराचे व्रत आहे, त्यांना आम्ही बोल लावत नाही. आमचे भांडण धडधाकट माणसांशी आहे. घरी मांदेलीपासून डुकराच्या मांसापर्यंत सारे चवीने खाणारी ही मंडळी विमानातून उतरताच एकाएकी सोवळी कशी होतात?

इतरांना दोष देण्यापूर्वी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर लिस्बनला गेलो होतो. आल्फामाच्या अरुंद, चढणीच्या गल्ल्यांत पावसाने गाठले, म्हणून आम्ही वीसेक माणसे एका लहानशा खाणावळीत शिरलो. पाण्याच्या बाटल्या मागवल्या आणि पिशव्यांतून चपात्या, लोणचे, सुक्या जवळ्याची चटणी काढून मेजांवर मांडली. म्हाताऱ्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन सर्वांपुढे 'काल्दू वेर्द'च्या वाट्या ठेवल्या. शिजवून घोटलेला बटाटा, त्यात अगदी बारीक चिरलेली हिरवी पाने आणि वर सॉसेजची एक चकती, असे ते तिथले रोजचे सूप. पैशांचे त्यांनी नावही काढले नाही. आमच्या मंडळींनी वास घेऊन वाट्या बाजूला सारल्या. एका वृद्ध मावशींनी तेवढा चमचा उचलला. "फादर, बटाटाच आहे हो हा," त्या म्हणाल्या आणि वाटी संपवली. आम्ही मात्र गटाची मर्जी राखण्यासाठी हात आखडता घेतला. मालकीणबाईंनी भरलेल्या वाट्या एकेक करून आत नेल्या, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

मावशींचे बोलणे साधे होते, पण त्यात आमच्या साऱ्या इतिहासाची ओळख होती. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या राजवटीचे जुलूम आम्ही विसरलेलो नाही, विसरूही नये. परंतु आपण ज्याला 'आपले' जेवण म्हणतो, त्यातले कितीतरी त्यांच्याच गलबतांतून आले आहे. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. काजू आणि अननस ही फळे व त्यांची नावेही अमेरिकेतून त्यांच्याच मार्फत आली. आणि मिरची? तीही त्यांनीच समुद्रापलीकडून आणली. म्हणजे जे लोणचे आपण लिस्बनच्या मेजावर मोठ्या स्वाभिमानाने उघडतो, त्यातला तिखटपणा त्याच दर्यावर्दींच्या हातून आपल्याकडे आलेला आहे.

उलट त्या लोकांकडे पाहा. लिस्बनच्या कोणत्याही साध्या उपाहारगृहात काचेच्या कपाटात डोकावले, तर 'शामूसा' नावाचा तळलेला त्रिकोण दिसण्याची शक्यता फार. तो आपला समोसाच. गोवा आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांबरोबर तो तिकडे गेला, आणि आज तिथला कारकून तो कॉफीबरोबर सहज खातो. त्यांनी आपला पदार्थ आपल्या फळीवर मांडला, आणि आपण त्यांच्या दारात जाऊन त्यांची वाटी दूर सारतो!

आणि सारतो तरी काय? जूनमध्ये संत अंतोनीच्या सणाच्या रात्री आल्फामाच्या गल्लोगल्ली कोळशावर तारल्या भाजतात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात. माशाचे तेल पावात मुरते, तो पाव शेवटी खायचा. आपण ज्याला पादुआचा म्हणतो, तो संत अंतोनी जन्माने लिस्बनचाच. त्याची नोव्हेना करणाऱ्यांना त्याच्या गावची तारली चालू नये? 'बिफाना' म्हणजे लसूण व वाइनमध्ये मुरवलेले डुकराचे मांस, पावात घालून रस्त्याकडेच्या दुकानात मिळते. आपल्या विंदालूचे नावही याच वाइन-लसणाच्या मुरवणीवरून आले आहे. बेलेंला जेरोनिमो मठाजवळ 1837 पासून अंड्याच्या पिवळ्या बलकाचे गोड 'पास्तेल' विकले जातात. 1834 मध्ये पोर्तुगालमधील पुरुषांचे मठ सरकारने बंद केले, त्यानंतर मठातली ही कृती दुकानात आली. या साऱ्यावरून आमची बस डाळभाताकडे धावत असते.

स्वच्छतेची सबब आम्हाला पटत नाही. स्टेशनबाहेर गटाराच्या कडेला उभे राहून वडापाव खाणाऱ्यांनी ती सांगू नये. नियम इथे तोच, तिथेही तोच. जिथे गावातल्या लोकांची गर्दी आहे आणि पदार्थ डोळ्यांसमोर निखाऱ्यावरून उतरतो, तिथे खावे. दुसरी तक्रार फसवणुकीची. न मागता पाव, ऑलिव्ह, चीज मेजावर येते आणि मग बिलात दिसते. ती तिथली रीत आहे. खाल्ले तर पैसे द्यावेत, नको असेल तर हात न लावता नम्रपणे परत करावे.

प्रभूने बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवले, तेव्हा बरोबर थैली घेऊ नका आणि लोक जे पुढे वाढतील ते खा, असेच बजावले होते. घरोघरी आतिथ्य स्वीकारल्याखेरीज त्या लोकांशी नाते जुळणार नाही, हे तो जाणत होता. आम्ही मात्र थैल्या भरून निघतो आणि परत येऊन सांगतो की तिथले लोक फार कोरडे आहेत.

म्हणून धर्मग्रामांतून यात्रा नेणाऱ्यांना आमची स्पष्ट मागणी आहे. दिवसातले किमान एक जेवण आधी ठरवू नका. ज्यांना पथ्य आहे त्यांची सोय करा, बाकीच्यांना चार-चारच्या गटांनी गावात सोडा. भाषा येत नसेल तर शेजारच्या ताटाकडे बोट दाखवता येते. कुणाला एखादा पदार्थ आवडणार नाही, एखादे जेवण फसेल. फसू द्या. आम्हाला स्वतःला पुन्हा लिस्बनला जाण्याचा योग आला, तर ती खाणावळ शोधून काल्दू वेर्दची एक वाटी मागायची आहे, आणि तिचे पैसे द्यायचे आहेत.