सांभारवडी चालेल, नकली पनीर नाही

आपल्या यवतमाळकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. म्हणून सांभारवडीत कोथिंबीरच असते. पुण्या-मुंबईचा पाहुणा मात्र तिच्यात इडलीसोबतचं सांबार शोधतो! मग तो फसला का? नाही. त्याचा फक्त गैरसमज झाला. 'बॉम्बे डक'सुद्धा बदक नसून बोंबील मासा असतो. अशा जुन्या नावांनी कोणी कोणाचा खिसा कापत नाही.

आता दुसरं उदाहरण बघा. मेनूकार्डावर 'पनीर मसाला' लिहिलंय, पण भाजीत दुधाच्या फॅटऐवजी पामतेल वापरून केलेले तुकडे आहेत. माल स्वस्तातला, भाव मात्र पनीरचा. ही सरळ फसवणूक आहे. पनीर म्हणजे दूध फाडून केलेलं, एवढी अपेक्षा गिऱ्हाइकाने ठेवणं रास्तच आहे.

कायदाही हेच मानतो. साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं. त्याऐवजी वनस्पती तेल वापरलं, तर 'फ्रोझन डेझर्ट' असं लिहावं लागतं. अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार चुकीच्या नावाने माल विकल्यास ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाकिटावरचं लेबल वाचता येतं, ताटातल्या भाजीला लेबल नसतं. म्हणून माझं मत असं, की हॉटेलवाल्याने मेनूकार्डातच खरं लिहावं. स्वस्त पदार्थ विकायला कोणाची ना नाही. फक्त त्याला त्याच्याच नावाने विका.

आणि आपणही विचारायला लाजू नये. बिल जपून ठेवा, फसवणूक वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे आपले, पोटही आपलंच!