कृषिदूताच्या मोबाईलमधील एआय आणि आपले शिवार

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. प्रश्न विचारताच मराठीत उत्तर लिहून देणारा एआय आता त्यांच्या मोबाईलवर सहज मिळतो. राज्य शासनानेही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. ही साधने आता राहणारच. प्रश्न आहे तो उत्तर आपल्या शेताला लागू पडते का, हा.

हरभऱ्याचे उदाहरण घ्या. एआय सांगेल, फांद्या फुटताना आणि घाटे भरताना पाणी द्या. सल्ला चुकीचा नाही. पण अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, समजा दर्यापूर भागात, तेच पाणी खाऱ्या बोअरचे दिले तर काळी, चिकण जमीन चोपण होते. एका हंगामासाठी जमीन बिघडवून चालणार नाही. तिथे पाणी तपासून घ्यावे, शेततळ्यातले असेल तर ते वापरावे. गाव खारपाणपट्ट्यात आहे, हे तुम्ही सांगितल्याशिवाय मोबाईलला कळत नाही.

फवारणीत तर चूक जिवावर बेतते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. म्हणून एआयने सांगितलेले औषध व मात्रा डब्यावरील लेबलशी जुळवा. त्यावर पीक व किडीचे नाव नसेल तर फवारू नका. दोन-तीन औषधांचे मिश्रण स्वतःच्या मनाने करू नका.

मग कृषिदूतांकडून काय करून घ्यावे?

- कपाशीत हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून रोजच्या पतंगांची नोंद ठेवावी. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास किंवा २० हिरव्या बोंडांपैकी २ किडलेली निघाल्यास गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करावा.
- गावातील विहिरी-बोअरच्या पाण्याची व मातीची तपासणी करून यादी करावी.
- ही माहिती देऊनच एआयला प्रश्न विचारावा आणि उत्तर कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावे.

मुलांना मोबाईल येतो, तुम्हाला शिवार. उत्तर वाचण्याआधी त्यांना एकदा बांधावर न्या.